बोक्याला शुगर निघाली

मांजराला मधुमेह असल्याचं डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांचे प्रश्न बहुधा ठरलेल्या क्रमाने येतात. आधी, 'मांजरांना पण होतो का?' मग, 'बरा होतो का?' आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, 'डॉक्टर, महिन्याला किती जातील?'

या तिसऱ्या प्रश्नाची लाज वाटायचं काही कारण नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगभरच्या जवळपास बाराशे पशुवैद्यांना त्यांचा अनुभव विचारला होता. त्यांच्या अंदाजाप्रमाणे मधुमेह निघालेल्या दहा पाळीव प्राण्यांपैकी एकाला निदानाच्या वेळीच कायमचं झोपवलं जातं आणि पुढच्या वर्षभरात आणखी एकाला. सोबतचे आजार, वय, साखर आटोक्यात न येणं आणि मालकाच्या दिनक्रमाची ओढाताण ही कारणं होतीच. त्यांच्या बरोबरीने खर्चही होता. म्हणजे पैशाचा प्रश्न हा उपचाराबाहेरचा नाही. तो पहिल्या भेटीतच बोलायचा विषय आहे.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र मांजराच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात माणसांचा मधुमेह इतका घरोघरी पोचलाय की इन्सुलिन, सिरिंज, ग्लुकोमीटर, पट्ट्या हे सगळं कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, तेही माणसांसाठी ठरलेल्या भावात. चार-पाच किलोच्या जिवाला लागतं ते त्यातलं थेंबभर. त्यामुळे या आजारात औषध तुलनेने स्वस्त पडतं. पैसे मोठ्या प्रमाणात जातात ते अर्धवट निदानात, तातडीने अ‍ॅडमिट कराव्या लागण्यात आणि पिशवीवर 'डायबेटिक' छापलेल्या खाण्यात. पैशांखेरीज जे लागतं ते पैशांपेक्षा दुर्मीळ आहे. रोज बारा तासांच्या अंतराने दोनदा घरात कुणीतरी हजर असणं, ही ती गोष्ट.

आजार समजून घेऊ. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप टू प्रकाराच्या जवळचा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर ताण येतो, त्यांच्यात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं आणि वाढलेली साखर स्वतःच त्या पेशींना आणखी दमवते. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण दमलेली पेशी आणि मेलेली पेशी यांत फरक असतो. वेळेत साखर खाली आणली तर दमलेल्या पेशी पुन्हा कामाला लागू शकतात. ब्रिटनमधल्या पाहण्यांत साधारण दोनशेच्या आसपास मांजरांमागे एकाला हा आजार आढळलाय. धोका जास्त कुणाला, तर वयाने सात-आठ वर्षांच्या पुढच्या, घरातच राहणाऱ्या, खच्ची केलेल्या आणि अंगाने सुटलेल्या बोक्यांना. ओट्याखाली पसरून झोपणारा आणि वाटी वाजली की तेवढाच उठणारा तो लठ्ठ बोका.

दुसरं कारण आपल्याकडे फारसं विचारलं जात नाही. खाज किंवा हिरड्यांच्या सुजेवर मांजरांना स्टिरॉइडची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनं दिली जातात. ती स्वस्त असतात, एका टोचणीत महिनाभर काम भागतं आणि चिडक्या मांजराला रोज गोळी भरवण्यापेक्षा सगळ्यांनाच बरी वाटतात. वारंवार दिली तर याच इंजेक्शनांमुळे मधुमेह उघडा पडू शकतो. त्यामुळे मागच्या वर्षभरात कुठली इंजेक्शनं झाली त्याच्या चिठ्ठ्या काढून नव्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. स्टिरॉइड थांबवता आलं तर काही मांजरांची साखर पुष्कळ खाली येते. बिनखर्चाचा असा उपाय या आजारात दुसरा नाही.

लक्षणं ओळखीची असतात. पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतं, लिटरमध्ये लघवीचे मोठाले गोळे दिसतात, भूक वाढूनही वजन उतरतं. काही मांजरं मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात, उडी मारून कपाटावर जाणं बंद होतं. हा मज्जातंतूंवरचा परिणाम असतो आणि साखर आटोक्यात आली की बऱ्याच मांजरांत हळूहळू ओसरतो. पण तहान आणि वजन घटणं ही लक्षणं मूत्रपिंडाच्या आजारातही दिसतात, थायरॉइड वाढल्यावरही दिसतात. म्हणून पहिल्या दिवशी रक्ताच्या पूर्ण तपासणीवर खर्च करायला हात आखडू नये. शक्य असेल तर मुळीच नाही.

निदानातली खरी मेख वेगळी आहे. मांजर घाबरलं की त्याची साखर भडकते. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात अर्धा तास बसवून टेबलावर ठेवलेल्या निरोगी मांजराचा आकडा तीनशेच्याही वर गेलेला असू शकतो. त्या एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करणं धोक्याचं. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही परवडणारे. फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची तपासणी मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी साखर दाखवते, तिच्यावर त्या दिवसाच्या घाबरण्याचा परिणाम होत नाही. दुसरा उपाय त्याहून साधा. घरी, मांजर शांत असताना झालेल्या लघवीत साखर आहे का ते पट्टीवर बघायचं. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते २९० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरते. लिटरऐवजी एक-दोन दिवस धुतलेले बारीक खडे ठेवले की लघवी गोळा होते. त्याच पट्टीवर कीटोनही, म्हणजे साखर वापरता येईना म्हणून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी द्रव्यं, दिसतात आणि त्यांचं महत्त्व पुढे येईलच.

आता इन्सुलिन. मांजरांसाठी जगभर सर्वांत जास्त पसंती मिळालेल्यांपैकी एक आहे ग्लार्जिन, म्हणजे माणसं रात्री झोपताना टोचून घेतात ते. सानोफीचं लँटस, बायोकॉनचं बेसालॉग, वोकहार्टचं ग्लॅरिटस, ही नावं आपल्या मेडिकलवाल्याला पाठ असतात. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लार्जिनचा समावेश झाला, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आली. मांजराला सुरुवातीला बहुधा दर बारा तासांनी एक युनिट देतात. तीन मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये तीनशे युनिट असतात. दिवसाला दोन युनिट धरले तर महिन्याला साठ. म्हणजे नुसत्या मोजणीने एक कार्ट्रिज पाच महिने पुरेल. वेष्टनावर मात्र उघडल्यानंतर २८ दिवसांची मुदत असते, ती प्रामुख्याने बाहेर ठेवलेल्या पेनसाठी. फ्रिजमध्ये ठेवलेलं, गढूळ न झालेलं ग्लार्जिन त्याहून जास्त दिवस वापरायला बरेच पशुवैद्य परवानगी देतात. ती परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी आणि औषध धुरकट दिसलं किंवा कारण नसताना साखर वर राहू लागली की कार्ट्रिज टाकून द्यावं. आकडा चढला म्हणून डोस वाढवण्याआधी कार्ट्रिज बदलून बघणं हे किती जणांच्या लक्षात येत असेल?

सिरिंजचा घोटाळा मात्र सगळ्यांनी नीट वाचावा, कारण तो भारतातच जास्त होतो. आपल्याकडे कुपीत मिळणारं माणसांचं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं असतं आणि त्याच्या सिरिंजला लाल टोपण असतं. ग्लार्जिन एका मिलिलिटरला १०० युनिट असतं, त्याची सिरिंज वेगळी, बहुधा केशरी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजने ग्लार्जिन 'एक युनिट'च्या रेघेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. चार किलोच्या मांजरासाठी हा फरक जीवघेणा ठरू शकतो. मेडिकलमधला मुलगा घाईत 'इन्सुलिनचीच आहे' म्हणून हातात देईल ती सिरिंज घेऊ नका. वेष्टनावरचा आकडा कार्ट्रिजवरच्या आकड्याशी जुळवून घ्या. त्यात भर म्हणून ३०० ताकदीचं ग्लार्जिनही बाजारात आहे. ते पेनमधून सिरिंजने कधीच ओढायचं नाही. आणि आजोबांच्या फ्रिजमध्ये असलेलं तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन मांजराला द्यायचा विचार कुणी करू नये. मांजराच्या अंगात ते लवकर चढतं, लवकर उतरतं आणि मधल्या वेळेत साखर कोसळवू शकतं.

परदेशात प्राण्यांसाठी खास बनवलेली इन्सुलिनंही आहेत. प्रोझिंक (प्रोटामाइन झिंक) आणि कॅनइन्सुलिन (लेंटे) ही नावं वाचनात येतील. दोन्ही ४० ताकदीची, म्हणजे त्यांना लाल टोपणाचीच सिरिंज लागते. ती मिळत असतील आणि डॉक्टरांचा हात त्यांवर बसलेला असेल तर उत्तम. पण 'प्राण्यांचं खास' नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातल्या जॅकी रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने मधुमेह निघालेल्या २४ मांजरांचे तीन गट केले होते. ग्लार्जिन मिळालेल्या आठच्या आठ मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटलं. प्रोटामाइन झिंकच्या गटात तिघांचं आणि लेंटेच्या गटात दोघांचं. आठ-आठ मांजरांचा अभ्यास म्हणजे लहानच. पण खिशाकडे बघून निवडलेलं इन्सुलिन इथे दुय्यम ठरत नाही, एवढं त्यावरून म्हणता येतं.

टोचण्याची भीती मांजरापेक्षा माणसालाच जास्त असते. सुई केसासारखी बारीक असते, मानेच्या किंवा कुशीच्या सैल कातडीखाली जाते आणि खाण्यात तोंड घातलेल्या मांजराला बऱ्याचदा कळतही नाही. शिकायला एक-दोनदा दवाखान्यात बसावं लागतं. कार्ट्रिज हलवायचं नाही, गोठवायचं नाही, फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात डबीत ठेवायचं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात वीज गेली की काय करायचं, हा प्रश्न माणसांच्या इन्सुलिनलाही असतोच आणि त्यावर माणसांनी काढलेला तोडगा, ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं भांडं, मांजराच्या कार्ट्रिजलाही चालतो. वापरलेल्या सुया प्लास्टिकच्या जाड बाटलीत साठवून दवाखान्यात द्याव्यात. घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकल्या तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईंच्या हातात घुसतात.

घरची मोजणी हा या सगळ्याचा कणा. दवाखान्यात दिवसभर ठेवून दर दोन तासांनी साखर बघणं महाग आणि घाबरण्यामुळे पुष्कळदा निरुपयोगीही. तेच घरी करता येतं. कानाच्या कडेला बारीक शीर असते. कान तळहातात ऊबवायचा, टोचायचं, आलेल्या थेंबाला पट्टी लावायची. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात खरा आकडा असतो त्यापेक्षा कमी दाखवतो, कारण साखर रक्तपेशी आणि द्रव यांत ज्या प्रमाणात वाटलेली असते ते प्रमाण दोघांत वेगळं. प्राण्यांसाठीचा वेगळा मीटर असतो, पण त्याच्या पट्ट्या मिळवणं आणि परवडणं दोन्ही कठीण. म्हणून माणसांचाच मीटर घ्यावा, तो बदलू नये आणि डॉक्टरांना आकडा सांगताना कुठल्या मीटरचा ते सांगावं. मीटर घेताना त्याच्या किमतीपेक्षा पट्टीची किंमत बघावी. मीटर एकदाच घ्यायचा, पट्ट्या कायम लागतात.

पट्ट्या कुठे खर्चायच्या याला थोडं डोकं लागतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत प्रत्येक टोचण्याआधी एक आणि आठवड्यातल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी, बारा तासांची मालिका. घडी बसली की कमी. टोचण्याआधीचा आकडा दीडशे-दोनशेच्या खाली आला तर नवख्या माणसाने डॉक्टरांना फोन केल्याशिवाय टोचू नये. मधल्या वेळेतला आकडा ऐंशीच्या आसपास किंवा खाली आला तर पुढचा डोस कमी करायचा विचार होतो, तो डॉक्टरांनीच करायचा. नेहमीच्या जगण्यासाठी बहुतेक आकडे शंभर ते तीनशेच्या मध्ये राहिले, मांजर चकचकीत झालं, पाणी कमी पिऊ लागलं आणि वजन धरू लागलं तर घडी बसली म्हणायची. चौदा दिवस अंगावर राहणारा सेन्सर मांजरांनाही लावतात आणि तो अनेकदा झोपेतली घसरणही दाखवून देतो. पण त्याची किंमत हजारांत जाते. एकदा, डोस ठरवताना, परवडलं तर लावावा. दर महिन्याला नव्हे. ज्यांना कान टोचणं जमतच नाही त्यांच्यासाठी वजनकाटा, पाणी मोजायचं भांडं आणि लघवीची पट्टी एवढं तरी असावं. फक्त लघवीच्या पट्टीवरून डोस वाढवू नये.

खाण्याच्या बाबतीत आपल्या घरांत दोन टोकं दिसतात. एकीकडे दूध-पोळी, दूध-भात आणि वर माशाचं कालवण. दुसरीकडे दिवसभर भरलेली कोरड्या दाण्यांची वाटी. मांजराचं शरीर मांसावर चालायला घडलेलं आहे. पिष्टाची त्याला गरज नाही आणि मधुमेहात ते पिष्ट साखर उडवतं. पोळी-भात आधी बंद. दूधही, कारण दुधातली सुमारे तीस टक्के ऊर्जा दुग्धशर्करेतून येते. कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर पिष्टाचा आकडा बहुधा छापलेला नसतो, तो काढता येतो. समजा प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, पाणी १० असं छापलंय आणि राख छापली नसेल तर ८ धरा. बेरीज ६६. शंभरातून वजा केले की पिष्ट ३४. आता प्रथिनं आणि पिष्ट यांना साडेतीनने गुणायचं, चरबीला साडेआठने. येतात ११२, ११९ आणि १०२, एकूण ३३३. त्यातले ११९ म्हणजे जवळजवळ ३६ टक्के ऊर्जा पिष्टातून. मधुमेही मांजरासाठी हा आकडा बाराच्या आत असावा असं मार्गदर्शन आहे. हा हिशेब एकदा केला की 'डायबेटिक' या छापील शब्दाचा मोह उतरतो, कारण तसं लिहिलेल्या काही कोरड्या खाण्यांतही पिष्ट बाराच्या बरंच वर असतं. पाकिटातलं ओलं खाणं घेताना ग्रेव्हीपेक्षा घट्ट लगदा बरा, ग्रेव्ही बहुधा स्टार्चने घट्ट केलेली असते.

ओलं खाणं महिनाभर विकत घेणं पुष्कळ घरांना झेपत नाही. तिथे उकडलेली कोंबडी, थोडं काळीज, अंडं आणि मासा हा व्यवहार्य मार्ग दिसतो. तो आहेही, पण नुसत्या कोंबडीवर मांजर तगत नाही. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर हृदय सैल पडतं, हे कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठाच्या पॉल पायन यांनी १९८७ साली दाखवून दिलं. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकायचं नाही. हाडं काढलेल्या मांसात कॅल्शियम नसतं, ते वेगळं घालावं लागतं. रोजचा मासा कच्चा देऊ नये, काही माशांमध्ये बी-वन जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. कांदा-लसूण मांजराला विषारी, म्हणून आपल्या पातेल्यातलं कालवण नाही. म्हणजे घरचं खाणं देता येईल, पण टॉरिन, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड यांचं माप डॉक्टरांकडून लिहून घेऊन. एखादा तुकडा सुकट-बोंबील चालेल, ते जेवण नव्हे.

इथे एक सावधगिरी औषधाइतकीच मोठी आहे. इन्सुलिन चालू असताना अचानक पिष्ट काढून टाकलं तर इन्सुलिनची गरज एकदम उतरते आणि कालचा डोस आज जास्त होतो. खाणं बदलायचं तर साखर मोजत, हळूहळू, डॉक्टरांना सांगून. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून बारीक करायचा प्रयत्न तर कधीच नको. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि तो वेगळा, महाग आणि कधीकधी जीव घेणारा आजार होऊन बसतो.

इन्सुलिन सुटण्याच्या शक्यतेबद्दल बोलताना तोल सांभाळावा लागतो. चार आठवडे किंवा जास्त काळ इन्सुलिनविना साखर नीट राहिली तर आजार मागे हटला असं धरतात. घरी कसून मोजणी करणाऱ्या मालकांच्या ५५ मांजरांच्या एका अभ्यासात, तोही २००९ चाच, ६४ टक्क्यांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत कडक नियंत्रण सुरू झालेल्यांत ते ८४ टक्के होतं, उशीर झालेल्यांत ३५. हे आकडे मोहक आहेत, पण ती मेहनती मालकांची मांजरं होती. सगळीकडच्या सरसकट मांजरांत यश याहून बरंच कमी दिसतं आणि २०१४ च्या एका आढाव्याने या विषयातला पुरावाच एकूण कच्चा असल्याचं म्हटलंय. माझं मत असं, की तंगीतल्या घरानेही ताकद लावायची तर पहिल्या तीन-चार महिन्यांत लावावी. तेव्हाचा खर्च आणि जागरण पुढच्या कित्येक वर्षांच्या सिरिंज वाचवू शकतं. मागे हटलेला आजार परत येऊ शकतो, म्हणून इन्सुलिन सुटल्यावरही महिन्याकाठी एक-दोन पट्ट्या खर्च कराव्यात आणि पोळी-भात पुन्हा सुरू करू नये.

गोळ्यांबद्दल. घरात मेटफॉर्मिन असतंच, मांजरांना त्याचा उपयोग होत नाही. ग्लिपिझाइड काही थोड्या मांजरांना लागू पडतं, तेही इन्सुलिन अजिबातच शक्य नसेल तेव्हा. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साकॅट ही गोळी आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सेनव्हेल्गो हे द्रव औषध मांजरांसाठी मंजूर झालं. दिवसातून एकदा तोंडावाटे द्यायचं, सुई नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी ही औषधं आहेत. त्यांत धोका असा की रक्तातली साखर नेहमीसारखी दिसत असतानाही कीटोन वाढून मांजर गंभीर होऊ शकतं. म्हणून ती सुरू करण्याआधी तपासण्या लागतात आणि पहिले काही आठवडे बारकाईने पाहावं लागतं. आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी बेक्साकॅट नाहीच. आपल्या घरातल्या माणसांच्या डापाग्लिफ्लोझिनचा तुकडा मोडून मांजराला देणं हा त्याचा स्वस्त पर्याय नव्हे. मेथी, कारल्याचा रस यांबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी.

डोस वाढवत नेऊनही साखर ऐकत नसेल तेव्हा पैसे कुठे लावायचे? आधी दात बघावेत. कुजलेला दात किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग इन्सुलिनला निष्प्रभ करतो. ब्रिटनमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,२२१ मधुमेही मांजरं तपासली तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्यात वाढीचं संप्रेरक जास्त असल्याची खूण सापडली. अशा मांजरांना अवाच्या सवा इन्सुलिन लागतं. ती तपासणी मात्र प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात करायची नाही.

खासगी दवाखान्यांचे दर झेपत नसतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं, त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी सर्वचिकित्सालयं. रांग मोठी असते, मांजर वैतागतं, पण रक्ताची पहिली तपासणी आणि दुसरं मत तिथे कमी खर्चात मिळू शकतं. रोजच्या डोसाच्या शंकांसाठी मात्र घराजवळचा, फोन उचलणारा डॉक्टर हवा. पाळीव प्राण्यांचे विमे आता मिळतात, पण आजार कळल्यावर काढलेला विमा त्या आजाराला धरत नाही.

सगळ्यांत मोठं बिल कीटोनचं असतं. इन्सुलिन न मिळालेलं किंवा दुसऱ्या आजाराने खचलेलं मांजर खाणं सोडतं, उलट्या करतं, मलूल पडतं, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. अशा वेळी सलाइन, रोजच्या रक्त तपासण्या आणि दोन-चार दिवस अ‍ॅडमिट. घरी महिन्यांमागून महिने होणारा खर्च या चार दिवसांत होतो. म्हणून नेहमी खाणाऱ्या मांजराने एक पूर्ण दिवस तोंड फिरवलं तर उद्यापर्यंत वाट न पाहता लघवीत कीटोन बघावेत. उलट टोक म्हणजे साखर पडणं. लटपटणं, शून्यात बघणं, आचके येणं. हिरड्यांवर ग्लुकोजचं पाणी किंवा मध चोळायचा आणि सरळ दवाखाना गाठायचा. बेशुद्ध मांजराच्या घशात काही ओतायचं नाही.

आणि एवढं करूनही कुणाला ते झेपणार नसेल तर? दोन पाळ्यांमध्ये काम करणारं जोडपं, एकटी आजी, दरमहा हजार रुपयांची जागा नसलेलं घर. मधला रस्ता आहे. ठरलेला छोटा डोस, पिष्ट बंद, घट्ट नियंत्रणाचा हट्ट नाही, वजन आणि तहान यांवर लक्ष. इन्सुलिन सुटण्याची शक्यता यात कमी, पण बरीच मांजरं अशी बरीच वर्षं ठीकठाक जगतात. हा पर्याय डॉक्टरांनी पहिल्या भेटीत उघड बोलावा आणि मालकाने आपला महिन्याचा आकडा न लाजता सांगावा. 'सगळं करा किंवा काहीच नको' असे दोनच पर्याय समोर आले की माणसं दुसरा निवडतात, सुरुवातीला सांगितलेल्या पाहणीतले दहातले एक तिथूनच येतात अशी माझी शंका आहे. वृद्ध, मूत्रपिंडं गेलेल्या, सुईला मुळीच हात न लावू देणाऱ्या मांजराला शांतपणे जाऊ देणं हाही निर्णयच असतो आणि तो घेणाऱ्याला कुणी बोल लावू नये.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मधुमेही मांजरांच्या २२१ मालकांना त्यांच्या जगण्यावर काय परिणाम झाला ते विचारलं होतं. सर्वांत जास्त काचणाऱ्या गोष्टींत मांजराला दुसरीकडे ठेवता न येणं आणि ओळखीच्यांवर सोपवता न येणं या दोन होत्या. हे वाचून गणपतीला गावी जाणारी मुंबईकर मंडळी मान डोलावतील. शेजाऱ्यांत स्वतः इन्सुलिन घेणारे एखादे काका-काकू असतात, त्यांचा हात सरावलेला असतो आणि त्यांना विचारायला हरकत नाही. जायच्या आधी त्यांच्या हातून दोन-तीनदा टोचून घ्यावं. फ्रिजवर एक कागद लावावा. त्यावर डोस, सिरिंजच्या टोपणाचा रंग, टोचण्याआधीचा किती आकडा आला तर टोचायचं नाही आणि डॉक्टरांचा फोन. काकांना हेही आवर्जून सांगावं की एखादा डोस चुकला तर फारसं बिघडत नाही. सुई खाली सांडली, मांजर निसटलं, औषध आत गेलं की फरवर ओघळलं कळलं नाही, तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.